चौकटीतली तारीख: पहिल्यांदाच ऐतिहासिक कॉमिक करणाऱ्यांसाठी

आमच्या पहिल्या आठ पानी कॉमिकमध्ये चौथ्या पानावर एकच मोठी चौकट होती. वरच्या पट्टीत ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘नागपूर, महाराष्ट्र. १४ ऑक्टोबर १९५६.’ खाली निळ्या सुटातले बाबासाहेब, मागे दीक्षाभूमीचा पांढरा घुमट आणि समोर नजर पोचेल तिथवर माणसं. दोनशे प्रती छापल्या आणि एका मेळाव्यात टेबल टाकून बसलो. तासाभरात एक आजोबा आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते पान अगदी नाकाजवळ नेलं.

“बाबू, तवा नागपूर महाराष्ट्रात होतं काय?”

मी गप्प.

“मध्य प्रदेशात होतो आपण. राजधानी होती इथं. अन् हा घुमट काऊन काढला? मी होतो न तिथं, बापाच्या खांद्यावर. मैदान होतं नुसतं. घुमट तर आत्ता आत्ता झाला.”

घरी येऊन पाहिलं तर आजोबांचं सगळं बरोबर निघालं. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, म्हणजे दीक्षेनंतर अठरा दिवसांनी. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. स्तूपाचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ चं. आणि निळा सूट आम्ही चौकाचौकातल्या पुतळ्यांवरून उचलला होता. त्या दिवशी बाबासाहेबांच्या अंगावर पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. पट्टीतली तारीख आम्ही तीन-तीनदा तपासली होती, चित्रातली एकदाही नाही. पुढे जे लिहितोय ते याच फजितीतून शिकलेलं आहे.

पहिलं पाऊल: तारीख कोणत्या जातीची, ते आधी ठरवा

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. ही तारीख वाचकाने खरी मानायची आहे, की आपण रचलेली आहे, की ती वाचकासोबत पुढे सरकत राहणार आहे? तिन्ही चालतात. मधेच जात बदलली की मात्र घोटाळा होतो.

खऱ्या तारखेत कल्पित गोष्ट बसवण्याचा सोपा धडा फ्रेंच कॉमिक अ‍ॅस्टेरिक्समध्ये मिळतो. साल इसवी सनापूर्वी ५०. सगळा गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) रोमनांच्या ताब्यात. हे खरं आहे, कारण गॉलांचा सेनानी व्हर्सिन्जेटोरिक्स इ. स. पू. ५२ मध्ये अलेसियाला सीझरला शरण गेला होता. मग त्या नकाशावर एकच गाव रचलेलं, जे शरण जात नाही. साल खरं, प्रदेश खरा, लबाडी फक्त एका गावापुरती. नवख्या माणसाने पहिल्या कॉमिकमध्ये एवढीच लबाडी करावी असं माझं मत आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे आपला वेताळ, कॉमिकमधला फँटम. पहिला वेताळ १५३६ मध्ये समुद्रकिनारी वाहून आला, त्याने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि आपण वाचतो तो एकविसावा. ही मालिका वर्तमानपत्रात सुरू झाली १९३६ साली, म्हणजे बरोबर चारशे वर्षांनी. चारशे वर्षांत वीस पिढ्या हा हिशेब कसाबसा जमतो. पण एकविसावा एकटाच नव्वद वर्षं तरुण आहे! माझ्या काकांनी बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डीवरून) आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये तो जसा होता तसाच आजही आहे. इथे १५३६ हा एकच खुंटा जमिनीत ठोकलेला, बाकी काळ त्याच्याभोवती हवा तसा फिरतो. अशी तारीख दंतकथेसाठी उत्तम. लढाईच्या किंवा सत्याग्रहाच्या गोष्टीला ती वापरू नका.

तिसरी, सरकती तारीख. तिच्याबद्दल पाचव्या पावलात.

दुसरं पाऊल: तारीख कोणत्या पंचांगातली, ते बघा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण मराठी इतिहासावर कॉमिक करणारा प्रत्येक जण इथेच पडतो.

जुने कागद शके आणि तिथीने बोलतात. शकाचा इसवी सन करायला ७८ मिळवायचे हे शाळेत शिकवतात. पण शके गुढीपाडव्याला बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवले तर १६२९ येईल आणि तुमचं पहिलंच पान चुकेल. ७९ मिळवले की १६३० येतं, म्हणजे शासनमान्य १९ फेब्रुवारी १६३०.

आता ही १९ फेब्रुवारी जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची. इंग्रजांनी आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर धरला गेला. आपल्या शिवकाळाच्या प्रचलित इंग्रजी तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. त्याने बिघडतं काय? राज्याभिषेक बघा: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार, ६ जून १६७४. ही तारीख एखाद्या आजच्या पद्धतीने उलटं मोजणाऱ्या कॅलेंडरमध्ये टाका, वार बुधवार दाखवेल. वार चुकला नाही, कॅलेंडर वेगळं आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो आणि १६ जूनला शनिवारच पडतो. म्हणून नियम असा: १७५२ पूर्वीचा वार मोबाइलवरून काढायचा नाही, मूळ नोंदीत असेल तर घ्यायचा, नसेल तर लिहायचाच नाही.

रायगडावरच्या जगदीश्वर मंदिराच्या शिलालेखात हेच साल आकड्यांत नाही, शब्दांत आहे: ‘षण्णवबाणभूमि’. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण म्हणजे पाच (मदनाचे पाच बाण), भूमी म्हणजे एक. हे उजवीकडून वाचायचं: १५९६. असा दगड चौकटीत काढा, शेजारी एखाद्या पोराला बोटं मोजताना दाखवा, वेगळी पट्टी लागणार नाही. कॉमिकला याहून चांगली तारीख कोण देणार?

नागपूरकरांसाठी एक खास खड्डा. आपल्याकडे अमांत, म्हणजे अमावास्येला संपणारा महिना चालतो, हिंदी पट्ट्यात पौर्णिमांत, म्हणजे पौर्णिमेला संपणारा. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपला पोळा श्रावण अमावास्येला. हिंदी पंचांगात तीच भाद्रपद अमावास्या. हे शहर कितीतरी वर्षं मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे आजीच्या ट्रंकेतून निघालेलं पत्र कोणत्या हिशेबाने लिहिलंय ते भाषेवरून आधी ताडा. नाहीतर पोळ्याचे बैल महिनाभर उशिरा येतील.

आणि जिथे नेमका दिवस माहीतच नाही, तिथे तो बनवू नका. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने बारा खेडी जोडून नागपूर वसवलं ते सुमारे १७०२ मध्ये. पट्टीत ‘सुमारे १७०२’ एवढंच लिहा. ‘त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी’ असं लिहिण्याचा मोह मलाही झाला होता.

तिसरं पाऊल: पट्टी झाका आणि चित्र वाचा

हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. सगळ्यात जास्त वेळही इथेच द्या. वरच्या पट्टीवर बोट ठेवा आणि उरलेल्या चित्रावरून साल ओळखता येतं का बघा. चित्रातली प्रत्येक वस्तू एक तारीख घेऊन बसलेली असते.

सीताबर्डीची लढाई घ्या. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ. आप्पासाहेब भोसल्यांची फौज एकीकडे, टेकड्यांवर कंपनीचे शिपाई दुसरीकडे. लढाई रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. आता मागच्या बाजूला काय काढाल? झिरो माइलचा खांब नाही, तो १९०७ चा. रेल्वेचा धूर नाही, गाडी नागपूरला आली १८६७ मध्ये. आजची स्टेशनची दगडी इमारत तर १९२५ ची. एम्प्रेस मिलची चिमणी नाही, मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी (नाव कुठून आलं ते आता कळलं असेल). चंद्र? पौर्णिमा उलटून दोन-तीन दिवस झाले होते, म्हणजे अंधार पडल्यावर जरा वेळाने उगवणारा, किंचित झिजलेला. अमावास्येचा काळाकुट्ट अंधार दाखवून नाट्य वाढवायचं असेल तर गोष्ट दुसरी शोधा.

चंद्राचं आणखी एक. दसरा म्हणजे शुद्ध दशमी. कोजागिरीला अजून चार-पाच दिवस असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसराच होता, रविवार होता. त्या रात्रीच्या चौकटीत गरगरीत पूर्ण चंद्र आला तर पंचांग जाणणारा वाचक तिथेच हसेल. उलट पोळ्याच्या रात्री चंद्र काढूच नका, अमावास्या असते.

झेंडा हा दुसरा सापळा. नागपूरचा झेंडा सत्याग्रह १९२३ चा. मुलांना सांगितलं की ती आजचा तिरंगा काढून मोकळी. पण तेव्हाच्या झेंड्यात पांढरा, हिरवा, लाल असे पट्टे आणि चरखा होता. केशरी आला १९३१ मध्ये, अशोकचक्र २२ जुलै १९४७ ला. दोन पानांत दोन झेंडे दाखवले की काळ किती पुढे गेला ते न लिहिता कळतं.

मग पैसा आणि वजन. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे. दीक्षेच्या दिवशीच्या चहाच्या टपरीवर ‘१० पैसे’ अशी पाटी म्हणजे सरळसरळ चूक, तिथे आणेच हवेत. किलोही नको, शेर हवा. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. पत्त्यावर पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरच. भिंतीवर कालनिर्णय टांगायचं असेल तर साल १९७३ किंवा पुढचं. रुपयाचं आडव्या रेघेचं चिन्ह २०१० चं. आमच्या एका गड्याने ते १९७० च्या किराणा बिलावर काढलं होतं, कारण संगणकाच्या फाँटमध्ये तेच समोर आलं.

ऋतूही तपासा. नागपुरातला मे महिना असेल तर रस्ते दुपारी ओस, डोक्याला दुपट्टा बांधलेला, खसचे पडदे. हातगाडीवर संत्र्यांचे ढीग त्या चौकटीत शोभत नाहीत. संत्र्याचे बहार दोन: आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरनंतर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे खटकणार नाही. संत्र्यांच्या काटोलच्या वाचकाला खटकेल, आणि तो फोन करेल.

चौथं पाऊल: तारीख लिहायची कुठे?

पट्टीत लिहिणं सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा तेच योग्य. एका पानावर एकच पुरे. ‘त्याच रात्री’, ‘तीन वर्षांनी’ अशा पट्ट्या वापराल तर आधीच्या पानावर एक पक्की तारीख असू द्या, नाहीतर वाचक बोटं मोजत मागे जातो. आकडे एकाच पद्धतीचे ठेवा. एका पानावर १९५६ आणि पुढच्यावर रोमन आकडे, असं नको.

वर्तमानपत्राचा मथळा हा सगळ्यांचा आवडता मार्ग. एकच लक्षात ठेवा: सकाळचं वर्तमानपत्र कालची बातमी देतं. १४ तारखेच्या सोहळ्याची बातमी १५ तारखेच्या अंकात. संवादाच्या फुग्यात तारीख घालणं टाळा. “आज १९२३ साली आपण…” असं कुणीही माणूस बोलत नाही.

कधी कधी तारीख न लिहिताही सांगता येते. टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’मध्ये रेल्वेरुळाखाली होणारा स्फोट म्हणजे १८ सप्टेंबर १९३१ ची मुकदेनची घटना (जिचं निमित्त करून जपानने चीनचा मांचुरिया घेतला), ती चित्रकथा आली १९३४-३५ मध्ये, त्या वेळच्या वाचकाला दिवस सांगावा लागला नाही. आजच्याला लागेल. घटना जेवढी ताजी तेवढी तारीख कमी लागते, असा माझा अंदाज.

दोन काळ एकाच पानावर आणायचे असतील तर आधी ‘भीमायन’ बघून घ्या. परधान गोंड शैलीत काढलेलं हे पुस्तक आजच्या एका बसथांब्यावरच्या गप्पांतून बाबासाहेबांच्या बालपणात शिरतं, आणि त्यात नेहमीच्या चौकोनी चौकटी नाहीतच. ‘दिगना’ची, म्हणजे गोंड घरांच्या भिंती-अंगणातली पारंपरिक नक्षी पानं विभागते. काळ बदलला हे सांगायला पिवळट रंग फासायचीच गरज नसते, हे ते पुस्तक बघून कळतं.

पाचवं पाऊल: रचलेली आणि सरकती तारीख सांभाळणं

तुम्हाला ‘नागपूर असं झालं असतं तर’ ही गोष्ट करायची असेल तर ‘वॉचमेन’ या अमेरिकन कॉमिकचा हिशेब समजून घ्या. साल १९८५, अगदी नेमक्या तारखांसह. पण निक्सन अजूनही अमेरिकेचा अध्यक्ष आहे (खरा १९७४ मध्येच पायउतार झाला). कॅलेंडर जसंच्या तसं ठेवलंय आणि इतिहासाला एका जागी फाटा दिलाय. फाटा एकच असू द्या आणि तो पहिल्या दोन पानांत दाखवा. समजा, १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर कुठेच गेलं नाही आणि राजधानी इथेच राहिली. मग पाट्या, गाड्यांचे नंबर, पोरांची शाळेतली भाषा सगळं त्यातून आपोआप निघतं. एवढं डोकं लावायला मजाही येते.

भविष्यातलं साल लिहिताना जपून. १९८१ मध्ये एक्स-मेनच्या एका प्रसिद्ध कथेने भीषण भविष्यासाठी २०१३ निवडलं. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ १९८२ मध्ये सुरू झालं आणि त्याने १९९७ निवडलं. दोन्ही सालं आता मागे पडली. त्या कथा चांगल्या म्हणून टिकल्या. आपल्या कथेबद्दल इतका भरवसा नसेल तर नुसतं ‘काही वर्षांनी’ लिहा.

सरकत्या तारखेचं सर्वांत बोलकं उदाहरण आयर्न मॅनचं. १९६३ च्या पहिल्या कथेत तो व्हिएतनाममध्ये जखमी होतो. पण नायक चाळिशीच्या आतच ठेवायचा तर ते युद्ध मागे मागे जायला लागलं. म्हणून पुढे युद्धं बदलत गेली, आणि शेवटी मार्व्हलने २०१९ मध्ये सियानकाँग नावाच्या देशातलं एक युद्धच रचलं, ज्याला कॅलेंडरच नाही. एक्स-मेनमधल्या मॅग्नेटोच्या बाबतीत मात्र हे करता येत नाही. त्याचं बालपण ऑश्विट्झच्या छळछावणीत गेलेलं. ती खरी जागा, खरा काळ. तो खुंटा उपटला तर पात्रच कोसळतं, म्हणून त्याच्या वयासाठी लेखकांना भलभलत्या युक्त्या कराव्या लागल्या. तुमच्या पात्राला खऱ्या दुःखाशी बांधत असाल तर त्याला म्हातारं व्हायला लागेल, हे आधीच मान्य करा.

सहावं पाऊल: जुन्या कॉमिकवरचं साल जपून वाचा

संदर्भासाठी बर्डीच्या फुटपाथवरून जुने अंक उचलाल तेव्हा मुखपृष्ठावरच्या महिन्यावर विसंबू नका. अमेरिकन अंकांवर काही महिने पुढची तारीख छापायची पद्धत होती, म्हणजे दुकानदार अंक लवकर काढून टाकत नसे. कॅप्टन अमेरिकेच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ आहे, पण तो विक्रीला आला २० डिसेंबर १९४० ला. त्याच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावतोय, आणि अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे ते चित्र युद्धाच्या जवळजवळ वर्षभर आधीचं. एवढी एक गोष्ट कळली की त्या मुखपृष्ठाकडे बघण्याची नजरच बदलते.

पुनर्मुद्रणाचंही तसंच. टिनटिनचं ‘ब्लॅक आयलंड’ १९३७-३८ चं, पण १९६६ च्या आवृत्तीसाठी ते पुन्हा काढलं. गोष्ट तीच, गाड्या आणि कपडे नवे. १९३० च्या दशकातली मोटार कशी दिसायची हे त्या आवृत्तीवरून शिकाल तर फसाल. आतल्या पानावरचं बारीक अक्षरांतलं साल आणि आवृत्ती आधी वाचा. छायाचित्रांसाठी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात जा, जुन्या मोहल्ल्यांत कुणाच्या तरी दिवाणखान्यात लावलेले फोटो बघा. नम्रपणे विचारलं तर लोक फ्रेमसकट काढून देतात.

शेवटचं: छापण्याआधी तिघांना दाखवा

त्या काळात जगलेला एखादा म्हातारा, पंचांग कळणारं कुणीतरी आणि एक दहा वर्षांच्या आसपासचं पोर. पोराला पट्ट्या कागदाने झाकून द्यायच्या आणि विचारायचं, “हे कधीचं?” शेवटच्या पानावर चार ओळी असू द्या: कोणत्या तारखा खऱ्या, कोणती माणसं आणि कोणते संवाद आपण रचले. ती जागा वाचवू नका, जाहिरात कमी करा.

आमची दुसरी आवृत्ती अशीच गेली. घुमट खोडला, सूट बदलला, पट्टीत ‘नागपूर, मध्य प्रदेश’ केलं, कोपऱ्यात चहाची टपरी घातली. पट्ट्या झाकून नऊ वर्षांच्या भाचीला दिलं. ती म्हणाली, “मोबाइल नाही कुणाकडे, म्हणजे जुनं.” मग टपरीच्या पाटीवर बोट ठेवलं.

“मामा, एक आणा म्हणजे किती?”

पाटी तशीच ठेवली, आणि छापायला दिलं.